सूर्यमुखी वाळवण यंत्रे प्रायव्हेट लिमिटेडची बैठक

सूर्यमुखी वाळवण यंत्रे प्रायव्हेट लिमिटेड, नोंदणीकृत कार्यालय कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ, या कंपनीचं नाव कंपन्यांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं असून कंपनी विसर्जित झाली आहे. असं काहीही झालेलं नाही. कंपनी खुशाल आहे, आमच्या घरी राहते, दाराबाहेर तिची पाटी आहे आणि येत्या शनिवारी दुपारी चार वाजता तिच्या संचालक मंडळाची बैठक आहे. गुरुवारी दुपारी एम.पी. नगरमधल्या आमच्या ऑफिसात काढून टाकलेल्या नावांच्या यादीतल्या दोनशे चौदा नंबरवर माझं बोट थांबलं तेव्हा मी हेच ठरवलं. मी शोधत होतो एका बिस्किटवाल्याची कंपनी. विनिता मॅडम, ज्यांच्या हाताखाली मी कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करतो, त्यांना त्याची खात्री करून हवी होती. बिस्किटवाला यादीत नव्हता. आम्ही होतो. वर एक टाइल्सवाले, खाली एक कोचिंग क्लासवाले, मध्ये आम्ही. एसीचं पाणी खिडकीखालच्या बादलीत ठिबकत होतं आणि ते मला एकदम माझ्या कानाच्या आत ठिबकल्यासारखं वाटलं. मॅडमनी विचारलं, मिली क्या. मी म्हटलं, नहीं मॅडम, ये तो ठीक है. बिस्किटवाल्याच्या बाबतीत ते पूर्ण खरं होतं.

कंपनी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. बाबांनी भेल कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि २००२ साली ती झाली. तिचं नोंदणी प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी फ्रेममध्ये लागलं, माझा जन्माचा दाखला मात्र ट्रंकेत, स्वेटरांखाली. कंपनी कायद्याने व्यक्ती असते, तिला स्वतःचं नाव असतं, पत्ता असतो, ती कोर्टात जाऊ शकते, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि मी ते ऐकून पुष्कळ दिवस समजत होतो की मला एक बहीण आहे, फक्त तिला कुणी बाहेर आणत नाही. पॅन कार्ड तिला माझ्याआधी मिळालं. तिला गोवर झाला नाही, पहाडे पाठ करावे लागले नाहीत, आणि बाबा म्हणायचे की माणसं येतील जातील, ही राहणार. त्याचा मला राग यायचा. पण शाळेत कुणी विचारलं की घरात कोण कोण, तर मी चार म्हणायचो.

तिचा धंदा म्हणजे एक यंत्र. कुरडया, सांडगे, मूगवड्या वाळत घातल्या की ऊन सरकतं आणि बायकांना दर तासाला गच्चीवर जाऊन ताटं सरकवावी लागतात, हे बाबांना लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आईकडे बघून कळलं होतं. मग जन्मभर टर्बाइनं जोडलेल्या माणसाने एक गोल चाळण बनवली, खाली जुन्या स्कूटरचं बेअरिंग, एका बाजूला छिद्राचा डबा. डब्यातून पाणी थेंब थेंब गळतं, तोल बदलतो आणि दर पंधरा मिनिटांनी चाळण कर्र करून थोडी उन्हाकडे वळते. वीज नाही, मोटर नाही. अशोका गार्डनला रेल्वे लायनीलगत पत्र्याची शेड होती, तिथे अशी एक्केचाळीस यंत्रं तयार झाली आणि सात वर्षांत एक्केचाळीस विकली गेली. बेचाळिसावं कुणी मागितलं नाही. शेड गेली. नमुन्याचं यंत्र मात्र आमच्या गच्चीवर राहिलं आणि ते अजून वळतं. मी बारावीचा अभ्यास, पहिलं प्रेम आणि त्याची समाप्ती, हे सगळं त्या कर्र आवाजाखाली केलं आहे. बाहेरगावी झोप लागत नाही तेव्हा मला वाटतं की ऊन जागच्या जागी थांबलंय, कुणी वळवत नाहीये.

दोन संचालक, बाबा आणि आई. अध्यक्ष बाबा. कायद्यानुसार मतं सारखी पडली तर अध्यक्षाला एक जास्तीचं मत देता येतं, त्याला निर्णायक मत म्हणतात, आणि आमच्या कंपनीच्या इतिहासात ते एकदाच वापरलं गेलं. २१ मे २०११. शिवाजी नगरच्या शाळेत आई गणित शिकवायची. त्या महिन्यात तिला नागपूरहून पत्र आलं. महाल भागातली मुलींची शाळा, ज्या शाळेत ती स्वतः पाचवी ते दहावी शिकली होती, तिथे मुख्याध्यापिका म्हणून या. आईने ते पत्र तीन दिवस गव्हाच्या डब्यावर ठेवलं होतं, मी पाहिलंय, येता-जाता ती झाकण पुसायची आणि पत्र परत सरळ ठेवायची. चौथ्या दिवशी तिमाही बैठक होती. बाबांना तेव्हा कंपनीच्या रीतीभातींची फार हौस. विक्री संपली होती, शेड जाणार होती, बैठक तेवढी उरली होती. त्यांनी गंमत म्हणून ते पत्र विषयपत्रिकेवर घेतलं. विषय क्रमांक सात, संचालिका सौ. सरोज हरकरे यांच्या नागपूर येथील नियुक्तीबाबत. आईने बाजूने हात वर केला. बाबांनी विरोधात. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, निमंत्रितांचं काय म्हणणं आहे. मी चौदा वर्षांचा, पुढचं वर्ष दहावीचं, आणि मला दोन वेळचं गरम जेवण आणि गणिताची फुकट शिकवणी जाताना दिसत होती. मी म्हटलं, नागपूरला फार ऊन असतं. बाबा हसले. त्यांनी आपलं दुसरं मत विरोधात टाकलं. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे आईपण थोडी हसली. मला तसं आठवत नाही. मला आठवतं की तिने इतिवृत्तावर सही केली, कपबशा विसळल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ती बाबांशी बोलली नाही.

ती जाऊ शकत होती. एखाद्या बाईला नागपूरला जाण्यापासून थांबवेल असा ठराव करण्याचा अधिकार कुठल्याच कंपनीला नाही, हे मी आता कलमासकट सांगू शकतो. तरी ती गेली नाही, आणि का गेली नाही हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही, कारण उत्तर माझ्या उंचीचं असेल अशी भीती वाटते. इतिवृत्तात बाबांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलंय, निमंत्रित चि. निनाद यांनी नागपूरच्या उन्हाकडे मंडळाचं लक्ष वेधलं. ते पान मी आजवर किती वेळा उघडलं असेल. पानाच्या त्या कोपऱ्याला आता माझ्या अंगठ्याचा रंग आहे.

तर घर गप्प झालं. आई माझ्याशी बोलायची, शेजारच्या चौबे आंटींशी तासतास बोलायची, भाजीवाल्याशी तर वादविवाद स्पर्धा चालायची, फक्त बाबांशी नाही. बाबांचा चहा साडेसहाला टेबलावर असायचा, बीपीची गोळी बशीत असायची, आणि आईच्या चष्म्याची दांडी सैल झाली तर रात्रीत घट्ट झालेली असायची. भांडण असं काही नव्हतं, म्हणून मिटवायलाही काही नव्हतं. मी समजलो की आता हे कायमचं. मग ऑगस्ट उजाडला. एके दिवशी आईच्या मसाल्याच्या डब्याखाली एक कागद होता. संचालक मंडळाची बैठक अमुक तारखेला दुपारी चार वाजता नोंदणीकृत कार्यालयात, म्हणजे आमच्या डायनिंग टेबलावर, घेण्यात येईल, तरी उपस्थित राहावं. कायद्याप्रमाणे सात दिवस आधी, लेखी. त्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना आई इस्त्रीची साडी नेसून टेबलाशी येऊन बसली. बाबा समोर बसले. गच्चीवर कर्र वाजलं. आणि आई म्हणाली, अध्यक्ष महोदय, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचावं.

ती बोलली. कंपनीची संचालिका होती, कायद्याने वर्षातून चार बैठका बंधनकारक होत्या, दोनपैकी एक संचालक आला नाही तर गणपूर्ती होत नाही, आणि माझी आई अशी बाई आहे की जिने तीस वर्षांत एकदाही वर्गावर उशिरा पाऊल टाकलं नाही. कायद्याने बोलायला लावलं तर ती बोलणार. बाबांनी ते ओळखलं असावं, कारण पुढच्या बैठकीपासून विषयपत्रिका लांबत गेली. एक ते चार कंपनीचे विषय, विक्री निरंक, चौकशी निरंक. पाचवा, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. आणि त्या पाचव्यात आमचं सगळं घर. चि. निनाद यांस इंजिनियरिंगला न घालण्याबाबत. अध्यक्षांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया प्रथम डाव्या डोळ्याची करण्याबाबत. चौबे यांच्या मुलीच्या लग्नात पितळी डबा द्यावा की चादर. या वर्षी आवळे कमी आणण्याबाबत, कारण मागील वर्षीचे अद्याप शिल्लक. प्रस्ताव मांडला जायचा, अनुमोदन मिळायचं, ठराव एकमताने. मतं सारखी पडतील असा विषय बाबांनी नंतर कधीच आणला नाही. आधी माझ्याकडून चाचपून घ्यायचे, आईला काय हवंय बघ बरं, आणि तेच लिहायचे. दीड तास ती दोघं बोलायची. साडेपाचला सभेचं कामकाज संपल्याचं जाहीर व्हायचं आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी घराचं दार आतून लागायचं.

२०१७ साली बाबांना चिकनगुनिया झाला, हमीदिया रोडच्या दवाखान्यात होते, आणि बैठकीची तारीख आली. दोन बैठकांमध्ये एकशे वीस दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही आणि तो एकशे अठरावा दिवस होता. आई इतिवृत्ताची वही आणि थर्मास घेऊन गेली. नर्सने विचारलं, अम्माजी, मिलने का टाइम खत्म हो गया, आप कौन. आई म्हणाली, बोर्ड की डायरेक्टर. नर्सने तिला आत सोडलं, बहुधा दवाखान्याच्या बोर्डाची समजून. त्या बैठकीत एकच ठराव आहे, अध्यक्षांनी वेळेवर खावं. पुढे एकदा भाचीच्या लग्नाला आई नागपूरला गेली होती तेव्हा बैठक मोबाइलवर झाली. पडद्यावरून बैठकीला बसणाऱ्याने आपलं नाव, ठिकाण आणि आपल्याजवळ दुसरं कुणी नाही हे आधी सांगावं लागतं. आईने सांगितलं, मी सरोज हरकरे, नागपूरहून, माझ्याजवळ कुणीही नाही. तिच्या मागे निदान वीस बायका हळदीला बसल्या होत्या. बाबांनी ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. नागपूरहून, या शब्दावर शाई थोडी पसरली आहे.

मी कंपनी सेक्रेटरी झालो त्याचं कारण लोक मला विचारतात आणि मी सांगतो, स्कोप आहे. क्लासमध्ये एका दुपारी सर कंटाळून वाचत होते की नव्या कायद्यात छोट्या कंपन्यांना सवलत दिली आहे, त्यांनी वर्षातून चारऐवजी दोनच बैठका घेतल्या तरी चालेल. बाकीच्या मुलांनी अधोरेखित केलं. मी नाही केलं. वर्षातून दोन. माझ्या डोळ्यांसमोर आई-बाबा सहा-सहा महिने एका टेबलाच्या दोन टोकांना बसलेले दिसले, मध्ये लोणच्याची बरणी. मी पान उलटलं. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, नव्या कायद्यात आपल्यासाठी काही आहे का रे. मी म्हटलं, नाही, आपल्याला तेच लागू. व्यवसायात उतरण्याआधीच मी माझ्या पहिल्या अशिलाला चुकीचा सल्ला दिला, आणि दर तीन महिन्यांनी तोच पुन्हा देत आलो. याबद्दल माझ्यावर कारवाई व्हायला हवी. होईल त्या दिवशी मी चांगला शर्ट घालून जाईन.

मग या एप्रिलमध्ये कंपनीच्या ईमेलवर, म्हणजे माझ्याच मोबाइलवर, कंपनी निबंधकांची सूचना आली. आपली कंपनी मागील दोन वर्षांपासून कोणताही व्यवसाय करत नसल्याचं दिसून येतं. तरी आपलं नाव नोंदवहीतून का काढू नये याचा खुलासा तीस दिवसांत करावा. दुसऱ्या कुणाची असती तर मी चहा संपायच्या आत उत्तर टाइप केलं असतं. दिवसाला अशी दोन उत्तरं मी लिहितो, त्यात मंडी असते, मंदी असते, लवकरच मिळू घातलेली एक मोठी ऑर्डर असते. इथे मी रोज फाइल उघडायचो आणि लिहायचो, कंपनीचा व्यवसाय चालू आहे. पुढच्या ओळीत लिहावं लागतं कोणता. मी लिहून पाहिलं, कंपनी दर तिमाहीस आपल्या दोन संचालकांमध्ये दीड तास. खोडलं. कंपनी एका कुटुंबास. खोडलं. संस्थापन पत्रात उद्दिष्टं दिलेली असतात, ती वाचली. कृषी व गृहोपयोगी पदार्थ उन्हाच्या दिशेने वळवणे व तत्सम आनुषंगिक सर्व कामे. तत्सम आनुषंगिकवर मी तीन दिवस घालवले. एकदा रोशनपुरा चौकात सिग्नल हिरवा झालेला मला कळला नाही, मागचा ऑटोवाला म्हणाला, भाई साहब, सो गए क्या, आणि माझ्या तोंडून निघालं, खुलासा कर रहा हूँ. तिसावा दिवस येऊन गेला. मला वाटलं, सरकारी काम आहे, विसरतील. सरकार एरवी आपलं सगळं विसरतं, या एका गोष्टीत मात्र त्याला माझ्या आईसारखी स्मरणशक्ती निघाली.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी घरी आलो तो चोरासारखा. दारावरची पाटी बघितली. कायद्याप्रमाणे आता ती काढायला हवी होती. मी रुमालाने पुसली. शनिवारची विषयपत्रिका माझ्याच टेबलावर, बाबांच्या अक्षरातली, टाइप करायला ठेवलेली होती, एक ते चार नेहमीचे, पाचच्या पुढे जागा कोरी. शुक्रवारी सकाळी बाबा म्हणाले, गच्चीवर ये, बेअरिंगला तेल घालायचंय. चाळणीवर आवळ्याच्या फोडी पसरल्या होत्या. नोव्हेंबरचं ऊन, त्यात तुरट वास. बाबांनी तेलाची कुपी माझ्या हातात दिली आणि बेअरिंगकडे बघत सांगितलं की एप्रिलमध्ये त्यांना पोस्टाने एक कागद आला होता. संचालक म्हणून. त्यांना वाटलं होतं मी बघीन. त्यांनी यादीपण बघितली होती, चौबेंच्या जावयाच्या मोबाइलवर. मग म्हणाले, "आईला बोलू नको. तिला वाटू दे की आहे." एवढं बोलून त्यांनी तेल न घालताच कुपी परत घेतली. बेअरिंगला तेल त्यांनी कधीच घातलेलं नाही. आवाज थांबेल म्हणून.

मी खाली आलो तर आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. काय करून राहिले गच्चीवर, तिने विचारलं. तेल, मी म्हटलं. ती म्हणाली, हो, तेलच. मग हातातली काडी मोडून, माझ्याकडे न बघता, तिने बेसनाच्या डब्यातून एक लिफाफा काढला. एप्रिलमधला. संचालिका म्हणून तिला आलेला. तिलाही वाटलं होतं की मी बघीन. "तुझ्या बाबांना काही सांगू नको," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ तेवढंच आहे." मी ओट्याला टेकून उभा राहिलो. एका घरात एकच सूचना तीन जणांना आली होती, तिघांपैकी कुणीही एक पोस्टकार्ड टाकून कंपनी वाचवू शकत होतं, आणि आम्हाला न बोलण्याची अशी सवय लागली होती की आम्ही निबंधकांशीही बोललो नाही. मला हसू आलं, आणि ते इतका वेळ चाललं की आईने मला पाणी दिलं.

शनिवारी चारला पाच कमी असताना आई इस्त्रीची साडी नेसून आली. बाबांनी स्वेटरवर कोट घातला होता. मी वही उघडून बसलो, एका नसलेल्या कंपनीच्या नसलेल्या बैठकीचं इतिवृत्त लिहायला, आणि तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना सांभाळून घ्यायला हवं. विक्री निरंक. चौकशी निरंक. आईने गंभीरपणे विचारलं की पुढच्या हंगामासाठी काही नियोजन आहे का. बाबा गंभीरपणे म्हणाले की नियोजन आहे. मला वाटलं, हे असंच चालू शकेल. आम्ही असे वीस वर्षं बसू शकू, कुणाला काय कळणार आहे. मग बाबांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला, जो मी टाइप केला नव्हता, आणि उभे राहिले. बैठकीत ते कधी उभे राहत नाहीत. त्यांनी वाचलं की विषय क्रमांक पाच, दिनांक २१ मे २०११ च्या बैठकीतील ठराव क्रमांक सात रद्द करण्याबाबत.

आईने टेबलावरचा तांदळाचा एक दाणा बोटाने कडेला नेला, मग परत मध्ये आणला.

"हा ठराव तुम्हाला आणता येत नाही," ती म्हणाली. "कंपनीच राहिली नाही."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"कंपनी नाही म्हणूनच आणला. असती तर अध्यक्षाने आणला असता. आता मी नुसताच मी आहे. मला एकच मत आहे, आणि ते मी तुझ्या बाजूने देतो. चौदा वर्षं उशीर झाला."

गच्चीवर कर्र वाजलं. मी मनात मोजायला लागलो, जसं वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत मोजतात. चौदापर्यंत मोजलं.

"रद्द करून काय होते?" ती म्हणाली. आवाज शिक्षिकेचा होता, फळ्यावरच्या चुकीकडे बघतानाचा. "शाळा येते का परत? त्या मुली गेल्या शिकून. मी रोज पावणेअकराला घड्याळ बघत होते, प्रार्थना झाली असेल म्हणून. अकरा वर्षं, रिटायर होईपर्यंत बघत होते." मग ती थांबली. बाबा उभेच होते, कागदाची घडी उलटी घालत. आईने त्यांच्याकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, त्यांच्या कोटाचं वरचं बटण खालच्या काजात गेलेलं होतं. "अहो," ती म्हणाली, "बसा आता. चहा गार होऊन राहिला."

बाबा बसले. मी ते लगेच लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता मला कळलं की हे इतिवृत्तात बसत नाही. कंपनी नव्हती म्हणजे मंडळ नव्हतं, मंडळ नव्हतं म्हणजे ही बैठक नव्हती, आणि बैठक नव्हती तर मग समोर चाललं होतं ते दुसरं काहीच असू शकत नव्हतं. दोन माणसं बोलत होती. साडेपाच वाजून गेले, कामकाज संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही. विषय आवळ्यांवर गेला, मग चौबेंच्या जावयावर, मग कुठल्याशा १९९३ सालच्या रेल्वे रिझर्वेशनवर, ज्यात चूक कुणाची होती याबद्दल मतं सारखी पडली आणि तशीच पडून राहिली. मध्येच आईने माझ्याकडे वळून विचारलं की कंपनी परत नोंदवता येते का. मी म्हटलं येते, न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. मग कर, ती म्हणाली, पुढची बैठक फेब्रुवारीत आहे, चुकवायची नाही. बाबांनी अनुमोदन दिलं. मी तेव्हाच त्या सवलतीबद्दल सांगून टाकणार होतो, वर्षातून दोनच पुरतात म्हणून. नाही सांगितलं.

अर्ज मी आज ऑफिसात, विनिता मॅडम जेवायला गेल्यावर, लिहिला. त्या कलमात एक वाक्य आहे, जे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि ज्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं. न्यायाधिकरण असा आदेश देऊ शकतं की कंपनीला शक्य तितक्या जवळून त्याच स्थितीत ठेवावं, जणू तिचं नाव कधी काढलंच गेलं नव्हतं. इतक्या गंभीर माणसांनी इतक्या जाड पुस्तकात हे लिहून ठेवलंय, की झालेलं एक झालंच नव्हतं असं समजता येतं, त्यासाठी नमुना आहे, शुल्क आहे, शपथपत्र आहे. एकदा असा अधिकार कुणाकडे आहे हे कळल्यावर माणूस नुसती कंपनी मागून थांबत नाही. अर्जाचा शेवटचा भाग खालीलप्रमाणे.

तरी माननीय न्यायाधिकरणास नम्र विनंती की, (१) सूर्यमुखी वाळवण यंत्रे प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी नाव काढल्याच्या दिवशी चालू स्थितीत होती, तिचं यंत्र त्या दिवशीही उन्हाकडे वळत होतं, हे विचारात घेऊन तिचं नाव नोंदवहीत पूर्ववत करण्यात यावं. (२) सदर कंपनीपुरतं दोन बैठकांमधील कमाल अंतर एकशे वीस दिवसांवरून एक दिवस करण्यात यावं. (३) दिनांक २१ मे २०११ रोजी अध्यक्षांनी दिलेलं निर्णायक मत दिलंच गेलं नव्हतं असं समजण्यात यावं. (४) निमंत्रिताने त्या दिवशी नागपूरच्या उन्हाबाबत केलेलं विधान इतिवृत्तातून काढून टाकण्यात यावं, निमंत्रित त्या वेळी वयाने अज्ञान होता आणि त्याबद्दल त्याला आजही वाईट वाटतं. आणि (५) संचालिका सौ. सरोज मधुकर हरकरे या जून २०११ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, महाल, नागपूर येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, रोज पावणेअकराची प्रार्थना त्यांच्या समोर झाली, आणि या काळात दर दिवाळीला त्या भोपाळला आल्या तेव्हा त्यांना घ्यायला अध्यक्ष स्वतः, गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधी, स्टेशनवर गेले होते, असं समजण्याचा आदेश व्हावा.